त्या पोरीचं नाव काय?

(आमच्या गटाच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



आजचा विषय ठरला तेव्हा एकदोघींनी मला विचारलं, की अमेरिकेतल्या मजुरांच्या कादंबऱ्या आपल्याला कशाला? आपल्याकडचं दुःख कमी आहे का? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी एका दुसऱ्या प्रश्नाने देते. तो प्रश्न माझा नाही.

घरकाम करणाऱ्या बायकांच्या बैठकीत आम्ही पगार, सुट्टी, आजारपण हे सगळं बोलून झालं की शेवटची पंधरा-वीस मिनिटं गोष्टीसाठी ठेवत असू. एकदा मी जॉन स्टाइनबेक यांची 'ऑफ माइस अँड मेन' ही कादंबरी गोष्टीसारखी सांगितली. ती 1937 सालची आहे, लहानशी आहे, एका बैठकीत सांगून होते. बायका मन लावून ऐकत होत्या. गोष्ट संपली, दोघीतिघींचे डोळे ओले झाले होते. मी समाधानाने सतरंजी गुंडाळायला उठले, तेवढ्यात मागून एकीने विचारलं, "ताई, एवढ्या पुरुषांची नावं सांगितलीत. ती मेली त्या पोरीचं नाव काय?"

मी म्हटलं, "कर्लीची बायको."

"ते नातं झालं. नाव काय?"

मला सांगता येईना. वाटलं, मीच विसरले असेन. घरी येऊन पुस्तक पुन्हा पहिल्यापासून चाळलं. तिला नाव नाही. कॉलेजात असल्यापासून मी ही कादंबरी वाचत आले, तिच्यावर बोलत आले, आणि ही गोष्ट माझ्या एकदाही लक्षात आली नव्हती. आजचं भाषण त्या प्रश्नातून निघालं आहे.

ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काळ जागतिक महामंदीचा. स्थळ कॅलिफोर्नियातलं सोलेदाद गावाजवळचं एक मोठं शेत. सोलेदाद या स्पॅनिश शब्दाचा अर्थच एकाकीपणा. जॉर्ज आणि लेनी हे दोन भटके शेतमजूर तिथे कामाला येतात. लेनी अंगाने राक्षसासारखा आणि बुद्धीने लहान मुलासारखा. मऊ वस्तू कुरवाळायचा त्याला नाद. जॉर्ज त्याला सांभाळतो. दोघांचं एक स्वप्न आहे: थोडी जमीन, एक छोटं घर, गाय, कोंबड्या, लेनीसाठी ससे, आणि डोक्यावर मालक नाही. जॉर्ज हे स्वप्न लेनीला झोपताना गोष्ट सांगावी तसं पुन्हापुन्हा सांगतो.

स्टाइनबेक यांचा मोठेपणा असा, की ते या स्वप्नाचा हिशोबही मांडतात. महिन्याचा पगार 50 डॉलर. जागेची किंमत 600 डॉलर. झाडलोट करणारा म्हातारा कँडी म्हणतो, मला घ्या तुमच्यात. यंत्रात त्याचा एक हात गेला, त्याची भरपाई 250 डॉलर मिळाली, 50 साठवलेत, महिनाअखेर आणखी 50 येतील. असे 350 होतात. बघा, स्वप्नाच्या भांडवलातला सगळ्यात मोठा वाटा हा माणसाच्या तुटलेल्या हाताची किंमत आहे. मजुराने जन्मभर राबून जे साठलं नाही, ते हात तुटल्यावर मिळालं. याच्यापुढे शोषणाची वेगळी व्याख्या कशाला करायची?

कँडीचा एक म्हातारा कुत्रा आहे. तो आता कामाचा राहिला नाही, अंगाला वास मारतो, म्हणून दुसरा मजूर त्याला बाहेर नेऊन गोळी घालतो. कँडी भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. आपली पाळी कधी येणार, हे तो त्या रात्री ओळखतो.

आता त्या शेतावरच्या उतरंडीकडे बघा. क्रुक्स हा काळा मजूर घोड्यांची देखभाल करतो. घोड्याच्या लाथेने त्याची पाठ वाकली आहे. इतर मजुरांच्या खोलीत त्याला प्रवेश नाही, म्हणून तो घोड्यांचं सामान ठेवायच्या खोलीत एकटा राहतो. त्याच्याजवळ पुस्तकं आहेत, बोलायला माणूस नाही. एका शनिवारी रात्री धडधाकट पुरुष गावात मजा करायला जातात आणि लेनी, कँडी, क्रुक्स हे तिघे त्या खोलीत एकत्र येतात. स्वप्नाच्या गोष्टी निघतात. क्रुक्सही क्षणभर विरघळतो, म्हणतो, मीही येईन, फुकट राबेन. तेवढ्यात दारात कर्लीची बायको येऊन उभी राहते.

कर्ली हा मालकाचा मुलगा. लग्नाला दोन आठवडे झालेत. अख्ख्या शेतावर ती एकटी बाई. नवरा तिच्याशी बोलत नाही, दुसऱ्या कुणाशी बोलली तर संशय घेतो. मजूर तिच्यापासून लांब पळतात, कारण तिच्याशी बोलताना दिसलं तर नोकरी जाईल. दुबळे तेवढे मागे ठेवून बाकीचे गेलेत, हे तिच्या बरोबर लक्षात येतं. पण क्रुक्स आणि कँडी तिला निघून जा म्हणतात आणि ती चवताळते. क्रुक्सला ती धमकी देते, की मी एक शब्द बोलले तर तुला झाडाला टांगतील. क्रुक्स आपल्या जागी आक्रसून जातो. थोड्या वेळाने कँडीला सांगतो, मी येतो म्हटलं होतं ते विसर, मी थट्टा केली होती.

हे पान मी तरुणपणी वाचलं तेव्हा मला त्या बाईचा संताप आला होता. आज वाटतं, संताप आलाच पाहिजे. ती गोरी आहे, आणि गोरेपणाचं हत्यार तिने काळ्या माणसावर उगारलं आहे. बाई म्हणून ती सोसते, एवढ्याने तो अपराध धुऊन निघत नाही. पण तिच्याजवळ तेवढं एकच हत्यार होतं आणि ते तिने आपल्याहून खालच्या माणसावर चालवलं, हेही बघायला हवं. वर कर्ली होता, सासरा होता. त्यांच्यापुढे तिचं काही चालत नव्हतं. ही रीत तुम्हाआम्हाला ओळखीची आहे.

मग रविवारची दुपार. पुरुष बाहेर खेळत आहेत. गोठ्यात ती लेनीला आपली गोष्ट सांगते. पंधरा वर्षांची असताना एका फिरत्या नाटक मंडळीतला नट तिला बरोबर चल म्हणाला होता, आईने जाऊ दिलं नाही. पुढे दुसरा एक जण भेटला, तुला सिनेमात घेतो, हॉलिवूडला गेल्यावर पत्र पाठवतो, असं म्हणाला. पत्र आलं नाही. ती अजून समजते, की आईने ते लपवलं. म्हणजे त्या माणसाने फसवलं हे मान्य करण्यापेक्षा आईने घात केला हे मानणं तिला सोपं जातं. घर सोडायला म्हणून तिने कर्लीशी लग्न केलं. कर्ली आपल्याला आवडत नाही, हे ती सांगते ते कुणाला? ज्याला तिचं बोलणं समजतच नाही अशा माणसाला. तो सशांबद्दल बोलत राहतो, ती सिनेमाबद्दल. ती त्याला आपले केस कुरवाळू देते, त्याची पकड सुटत नाही, ती ओरडते, तो घाबरून तिला गप्प करायला जातो आणि तिची मान मोडते.

आता मी तुम्हाला या पुस्तकातलं माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण सांगते. प्रेत प्रथम कँडी बघतो. जॉर्जला बोलावतो. जमिनीचं स्वप्न संपलं हे दोघांना कळतं. जॉर्ज गेल्यावर तो एकहाती म्हातारा त्या मेलेल्या मुलीला शिव्या घालतो. तूच सगळं बिघडवलंस, असं तिला सुनावतो. मारली गेली ती, आणि अपराधीही तीच!

कँडी वाईट माणूस नाही. आपण त्याच्यासाठी आत्ताच हळहळलो होतो. मला हेच महत्त्वाचं वाटतं. शोषित माणसाचं स्वप्न मोडतं तेव्हा त्याचा राग मालकावर जात नाही, तो सगळ्यात जवळच्या, सगळ्यात निराधार बाईवर जातो. आणि त्या स्वप्नात बाईला जागा कुठे होती? जमिनीच्या तुकड्यात गाय होती, कोंबड्या होत्या, ससे होते. बाई नव्हती. जॉर्जच्या मते बाई म्हणजे भानगड आणि तुरुंग.

इथे मला माझी एक कबुली द्यायची आहे. पूर्वी कामगारांच्या एका अभ्यासमंडळात मी या कादंबरीवर बोलले होते. वर्गशोषण, स्थलांतरित मजूर, महामंदी, सगळं मांडलं. या मुलीबद्दल मी एक वाक्य बोलले होते: ती 'मालकवर्गाची प्रतिनिधी' आहे. टाळ्या पडल्या होत्या. बायकांचा प्रश्न काढला की एकजुटीत फूट पडते, आधी वर्गाचा लढा, मग बाईचं बघू, असं तेव्हा आम्हाला सांगितलं जाई आणि आम्हीही तसंच इतरांना सांगत असू. म्हणजे मी कँडीच्याच बाजूला उभी होते. फरक एवढाच, की माझी भाषा शास्त्रीय होती.

स्टाइनबेक मात्र माझ्याइतके आंधळे नव्हते. या कादंबरीच्या नाटकात ही भूमिका करणाऱ्या क्लेअर ल्यूस या नटीला त्यांनी पत्र लिहून समजावलं होतं, की ही मुलगी मुळात चांगली आहे, तिच्याकडे माणूस म्हणून कुणी पाहिलेलंच नाही. कादंबरीतही ती मेल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा कडवटपणा गेल्याचं ते लिहितात. पण एवढी समज असलेल्या लेखकानेही तिला नाव दिलं नाही. कुणी म्हणेल, ते मुद्दाम केलंय, तिची मालकी दाखवायला. असेल. पण मग त्यांचं पुढचं पुस्तक बघू.

'द ग्रेप्स ऑफ रॉथ' 1939 साली आलं. धुळीच्या वादळांनी आणि बँकांनी ओक्लाहोमातून उठवून लावलेलं जोड कुटुंब हायवे 66 वरून कॅलिफोर्नियाला जातं, त्याची ही कथा. या कुटुंबाचा कणा आहे आई. घर फुटायची वेळ येते तेव्हा ती लोखंडी दांडा हातात घेऊन पुरुषांसमोर उभी राहते. जबरदस्त बाई! बापाचं नाव टॉम, मुलाचंही टॉम. आईचं नाव? सगळ्या पुस्तकात ती 'मा'. इथे तर ती कुणाच्या मालकीची वस्तू नाही, नायिका आहे. तरी नाव नाही.

या पुस्तकामागेही बायका आहेत. पुस्तकाचं नाव सुचवलं स्टाइनबेक यांच्या पत्नी कॅरल यांनी. हस्तलिखित टाइपही त्यांनीच केलं. अर्पणपत्रिकेत त्यांचा उल्लेख आहे, हे लेखकाच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

दुसरी बाई सॅनोरा बॅब. ही स्वतः ओक्लाहोमाची, 1907 सालचा जन्म, गरिबीत वाढलेली. 1938 साली ती कॅलिफोर्नियातल्या सरकारी छावण्यांमध्ये स्थलांतरित मजुरांसाठी काम करत होती. तिचे वरिष्ठ होते टॉम कॉलिन्स. 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' ज्या दोघांना अर्पण केलंय त्यातले दुसरे हेच. बॅब रोजच्या कामाच्या तपशीलवार नोंदी ठेवायची. त्या नोंदी कॉलिन्स यांच्यामार्फत स्टाइनबेक यांच्याकडे गेल्या, असं तिच्यावर लिहिणाऱ्या अभ्यासकांचं म्हणणं आहे. तीही याच लोकांवर कादंबरी लिहीत होती. न्यूयॉर्कच्या रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेला तिची प्रकरणं आवडली होती. पण तेवढ्यात स्टाइनबेक यांचं पुस्तक आलं आणि तुफान खपलं. एकाच विषयावर दुसरं पुस्तक बाजारात चालणार नाही, असं सांगून प्रकाशकाने नाही म्हटलं. तिची कादंबरी छापून आली 2004 साली. तेव्हा ती 97 वर्षांची होती. पुढच्या वर्षी ती वारली.

तिच्या पुस्तकाचं नाव आहे 'हूज नेम्स आर अननोन', म्हणजे ज्यांची नावं माहीत नाहीत. घर खाली करायच्या नोटिशीत कुटुंबांचा असा उल्लेख असायचा, तिथून तिने ते उचललं. तिच्या कादंबरीतल्या बाईला नाव आहे, ज्यूलिया. ज्यूलिया धुळीच्या दिवसांची रोजनिशी ठेवते. कपडे, भांडी, अन्न, पोरांचे श्वास, सगळ्यात धूळ. वादळाचं भव्य वर्णन पुष्कळांनी केलंय. पण वादळ गेल्यावर घर कोण पुसतं, हे तिथे दिसतं.

मेरिडेल ल सूअर या लेखिकेने 1932 साली 'न्यू मासेस' या डाव्या मासिकात एक लेख लिहिला होता, बेकार बायकांबद्दल. मिनिअ‍ॅपोलिसच्या रोजगार कचेरीत कामासाठी तासन् तास बसून राहणाऱ्या बायका तिने बघितल्या आणि एक साधा प्रश्न केला: मंदीतल्या फुकट पावाच्या रांगांत पुरुषच का? शहरात बायका बेकार नाहीत का? त्यांना भूक लागत नाही का? बायका रांगेत येत नाहीत, एखादी खोली धरून दार लावून उपाशी राहतात, असं तिने दाखवलं. एकाकीपणाचे असे दोन प्रकार आहेत बघा. जॉर्जचा एकाकीपणा रस्त्यावरचा, दहा जणांत बसून एकट्याने पत्ते खेळण्याचा. बाईचा एकाकीपणा बंद दाराआडचा. पहिल्यावर कादंबऱ्या झाल्या, दुसरा कुणाला दिसलाच नाही. आणि त्या मासिकाच्या संपादकांनी काय केलं? लेख छापला, पण सोबत टीप जोडली, की यात पराभूत सूर आहे, संघटनेची दिशा नाही. ती टीप वाचताना मला माझं जुनं भाषण आठवलं.

ल सूअरची 'द गर्ल' ही कादंबरीसुद्धा कपाटात पडून होती. लिहिली तिसाच्या दशकाच्या अखेरीला, निघाली 1978 साली. बेकारांच्या संघटनेतल्या बायकांनी सांगितलेल्या हकिकतींवर ती उभी आहे. तिच्या नायिकेलाही नाव नाही, ती नुसती 'मुलगी'. पण ती स्वतःची गोष्ट स्वतः सांगते. नाव नाही, आवाज आहे. शेवटी एका पडक्या गोदामात बायका एकमेकींना धरून राहतात, तिथे तिला मुलगी होते आणि त्या मुलीला ती आपल्या मेलेल्या मैत्रिणीचं नाव देते.

टिली ओल्सन तर लिहिता लिहिता थांबली. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तिने 'योनोंडिओ' ही कादंबरी सुरू केली. कोळशाची खाण, मग शेत, मग कत्तलखान्यांचं शहर, असं काम शोधत फिरणारं एक कुटुंब त्यात आहे. बाप जिम खाणीत आणि गटारात पिळला जातो आणि घरी येऊन बायकोवर, अ‍ॅनावर, जबरदस्ती करतो. मजुराच्या घामाबद्दल लिहिणारे पुष्कळ होते, पण त्या घामाची वसुली घरात कुणाकडून होते, हे विसाव्या वर्षाच्या आसपासच्या एका मुलीने लिहिलं. मग चार मुली, नोकऱ्या, घर. कागद बाजूला पडले. ते पुढे जुन्या सामानात सापडले आणि 1974 साली पुस्तक निघालं, अपुरंच. तिने त्यात नवं काही घातलं नाही. लिहिणं का थांबतं, कुणाचं थांबतं, यावर तिने 1978 साली 'सायलेन्सेस' हे पुस्तक लिहिलं.

तिची एक कथा मी गोष्टीच्या वेळी नेहमी सांगते. एक आई इस्त्री करत उभी आहे. शाळेतून निरोप आलाय, की तुमच्या मोठ्या मुलीबद्दल बोलायला या. आई इस्त्री करता करता मनात हिशोब करते. ही मुलगी झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. नवरा सोडून गेला. कामाला जाताना मुलीला शेजारणीकडे ठेवलं, मग त्याच्या घरच्यांकडे पाठवलं, आजारी पडली तेव्हा संस्थेत. प्रत्येक वेळी दुसरा मार्ग नव्हता. आता बोलवून काय विचारणार? कथेत कुणी कुणावर ओरडत नाही. इस्त्री पुढेमागे फिरत राहते. आमच्या बैठकीत ही कथा संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाली, "दुसऱ्याच्या घरचे कपडे इस्त्री करताना मला पण हेच सगळं आठवतं."

आणि शेवटी अ‍ॅन पेट्री. क्रुक्सला दिलेली धमकी आठवते ना? उतरंडीच्या तळातून ती कशी दिसते, हे 'द स्ट्रीट' या 1946 सालच्या कादंबरीत आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेममधली ल्यूटी जॉन्सन ही काळी तरुणी. कनेटिकटमधल्या एका श्रीमंत गोऱ्या घरात ती मोलकरीण होती. राहायचं तिथेच. दुसऱ्याचं पोर सांभाळताना स्वतःचं घर मोडलं. त्या घरच्या पाहुण्या गोऱ्या बायका हिच्याकडे बघून एकच धरून चालतात, की ही आपल्या नवऱ्यांवर डोळा ठेवणार. पण त्या घरात ती एक गोष्ट शिकते: या देशात जो कष्ट करील तो वर येतो. बेंजामिन फ्रँकलिन पाव काखेत धरून शहरात आला आणि मोठा झाला, मग मी का नाही? ती काटकसर करते, शिकते, मुलाला जपते. आणि घराच्या देखरेख्यापासून क्लबवाल्यापर्यंत प्रत्येक पुरुष तिच्या कष्टाची किंमत तिच्या शरीरात मागतो. मुलगा अटकेत जातो, वकिलाच्या 200 डॉलरसाठी ती ज्याच्याकडे जाते तो अंगावर येतो, तिच्या हातून तो मरतो. मुलाला मागे टाकून तिला शिकागोची गाडी धरावी लागते. त्या वकिलाची तर मुळात गरजच नव्हती. हे तिला सांगणारं कुणी नव्हतं. एक मैत्रीण, एक संघटना असती तर एवढं तरी कळलं असतं.

या पुस्तकाच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. काळ्या अमेरिकन लेखिकेची एवढी खपलेली ती पहिली कादंबरी.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. पुढच्या बैठकीत मी त्या बाईला सांगितलं, की पुस्तकात नाव नाही. तिला आश्चर्य वाटलं नाही. दुसरी म्हणाली, आपणच ठेवू या. तीनचार नावं निघाली, हसणं झालं. विचारणारी मात्र म्हणाली, "आता ठेवून काय उपयोग? कुणी हाक मारली असती तर ती गोठ्यात कशाला गेली असती?"

त्या रात्री मी आमच्या गटाच्या जुन्या नोंदवह्या काढल्या. पहिल्या काही वर्षांच्या हजेरीत आमच्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं: सुरेशची आई, कोपऱ्यावरच्या दुकानवाल्याची बायको, तिची सून. स्टाइनबेक यांना मी काय बोल लावणार! त्यातल्या काही बायका आता हयात नाहीत, काहींचा पत्ता नाही. ज्या सापडतील त्यांना विचारून आम्ही नावं भरायला घेतली आहेत. काम चिकट आहे, पान पानभर अडतं. तुमच्यापैकी ज्यांच्या गटात अशा वह्या असतील, त्यांनी त्या एकदा उघडून बघाव्यात, एवढीच विनंती.